पायी चालणारा ड्रायव्हर

आमच्या साहेबांचा दुपारचा डबा गाडीतून जायचा. साहेब वकील. सकाळी मी त्यांना कोर्टात सोडायचो, रिकामी फियाट घेऊन शिवाजी पेठेत परत यायचो, वहिनीसाहेब डबा भरून द्यायच्या, आणि तो पितळी डबा फडक्यात बांधून माझ्या शेजारच्या सीटवर बसवून मी पुन्हा कोर्टाकडे निघायचो. वळणावर एका हाताने त्याला धरावं लागे, नाहीतर आमटी सांडायची. डबा पोचवला की परत घरी, संध्याकाळी पुन्हा साहेबांना आणायला. वहिनीसाहेबांचं माहेर मंगळवार पेठेत. इकडे चुलीवरून उतरवलेली भाजी तिकडे पोचेपर्यंत गरम राहील इतकं ते जवळ, पण जायचं गाडीतून. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. दारात गाडी आहे, ड्रायव्हर आहे, मग चालायचं कशाला?

तो ड्रायव्हर मी. गाव आजरा. सहावीत असताना अब्बांनी अंथरूण धरलं आणि माझी शाळा थांबली ती कायमची. काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला बसलो. त्या टरफलांचं तेल बोटांना लागलं की कातडी काळी पडून सोलून निघते. तिथल्या व्यापाऱ्याच्या जीपवर पुढे क्लीनर झालो, त्याच जीपवर गाडी शिकलो, आणि लायसन हातात पडल्यावर कोल्हापूर गाठलं. साहेबांच्या घरी पहिल्या दिवशी वहिनीसाहेबांनी माझी बोटं बघितली आणि विचारलं, "हे काय, कुठं भाजून घेतलास?" मी सांगितलं. त्यांनी खोबरेल तेलाची वाटी पुढं सरकवली. "लाव रोज. स्टेअरिंगला काळं लावशील आमच्या."

गॅरेजशेजारच्या खोलीत माझं बस्तान होतं. जेवण घरातच. आजऱ्यात अम्मा, आजारी अब्बा आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. त्यामुळे मला एक सवय जडली होती. साहेबांचा चेहरा जरा उतरलेला दिसला, की आपली नोकरी गेली असं वाटायचं. वहिनीसाहेब भाकरी वाढताना काही बोलल्या नाहीत तरी तसंच. काळजी हा माझा स्वभावच. अम्मा म्हणायची, हा पोरगा पाऊस पडला तरी आपलंच काही चुकलं म्हणून बसेल.

आणि मग पेट्रोल महाग झालं. लांब अरबस्तानाकडे लढाई झाली, त्यांनी तेल अडवलं, असं लोक बोलायचे. पंपावर मी पाटी बघितली आणि चुकून दुसऱ्याच कशाचा भाव वाचला की काय म्हणून पुन्हा बघितली. बिनखांबी गणपतीजवळच्या हॉटेलवाल्या अण्णांनी तर मला रस्त्यातच गाठलं. "काय रं पावण्या! तुझ्या पावण्यांनी पेट्रोल महाग केलं की! जरा सांग की त्यास्नी चार शब्द." सगळं हॉटेल हसलं, मीही हसलो. पण घरी येताना मनात आलं, साहेबांनाही असंच वाटत असलं तर?

साहेबांना तसं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच वाटत होतं की गाडी कमी चालली पाहिजे. एका सकाळी न्याहारीला त्यांनी तसं जाहीर केलं. पहिला बळी डब्याचा. साहेब सकाळीच डबा घेऊन जाणार, दुपारी गार खाणार. दुसरा बळी माहेरचा.

"म्हंजे मी चालत जाऊ?" वहिनीसाहेब म्हणाल्या.

"हाय किती लांब?"

"लांबचं कोण बोलतंय? आईच्या दारात चालत गेले तर म्हणतील, वकिलाची वकिली बुडाली."

"बुडू दे. तेवढ्यानं फुकटचा सल्ला मागणारे तरी कमी होतील."

वहिनीसाहेब चालत गेल्या. परत आल्या त्या दिवेलागणीला, वाटेत भेटलेल्या सगळ्या बायकांच्या बातम्या घेऊन. पुढच्या आठवड्यात गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. मला मात्र धडकी भरली. डबा गेला, माहेर गेलं. आता राहिलं काय? कोर्ट.

आठवड्याभरात साहेबांनी कोर्टात गाडीने जाणंही सोडलं. "मी चालत जातो," म्हणाले. "गाडी फक्त गुरुवारी काढायची, देवाला जायला. आणि कुणी आजारी पडलं तर."

गुरुवार सोडून बाकीचे दिवस मी काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल ही भीती. सकाळी उठून मी पहिल्यासारखी गाडी पुसली, मग पुन्हा पुसली. साहेब कोट घालून, फायलींची बॅग हातात घेऊन बाहेर पडले. मला राहवलं नाही. मी धावत जाऊन बॅग घेतली आणि त्यांच्या मागे चालू लागलो. त्यांनी वळून बघितलं.

"तू कुठं?"

"कोर्टात, साहेब."

"गाडी न्हाय आज."

"बॅग हाय की."

साहेब पुढे चालू लागले. त्या दिवसापासून मी पायी चालणारा ड्रायव्हर झालो.

आता कोल्हापुरात चालणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. हल्ली मी राहतो त्या बडोद्याला माणूस घरातून निघतो आणि जिथं जायचं तिथं पोचतो. आमच्याकडे तसं नसायचं. गाडीतून जाणाऱ्या वकिलाला लोक हात करतात. पायी जाणाऱ्या वकिलाला लोक धरतात. पहिल्या चौकात तालमीतले एक वस्ताद उभे असायचे. भावकीतल्या जमिनीचा त्यांचा दावा साहेबांकडे नव्हता, दुसऱ्याच वकिलाकडे होता, पण मत साहेबांचं पाहिजे. "साहेब, एकच मिनिट. बांध त्यानं कोरलाय, आणि वर मलाच म्हणतोय..." ते एक मिनिट संपेपर्यंत समोरचा शिंपी सुई कपड्यात खोचून बाहेर आलेला असायचा. त्याचं भाडेकरूचं प्रकरण. पुढे अण्णांचं हॉटेल.

"वकीलसाहेब! गाडी कुठं गेली?"

"पेट्रोल पिऊन झोपलीया."

"मग बसा की. च्या घ्या."

"उशीर झालाय, अण्णा."

"च्याला कुठं उशीर लागतोय? ए, दोन कट च्या आण. पावण्याला बी दे, त्याच्या पावण्यांचा राग त्याच्यावर काढायचा न्हाय आपल्याला."

चहाला नाही म्हणणं साहेबांना जमायचं नाही. समोरच्याचा अपमान होतो, असं त्यांचं म्हणणं. अण्णांच्याकडे एक कप घेतला की पुढचा पानपट्टीवाला म्हणायचा, त्यांच्यात घेतला, आमच्यात न्हाय व्हय? महाद्वार रोड ओलांडून पापाच्या तिकटीच्या चौकात येईपर्यंत साहेबांच्या पोटात इतका चहा जायचा की कोर्टात पोचल्यावर आधी बॅग माझ्याकडेच ठेवून ते मागच्या बाजूला धावायचे. मी त्यांना गाडीसारखंच सांभाळून नेत होतो. "साहेब, डावीकडनं. तिकडं तो रंगाचा दुकानदार उभा हाय." आम्ही बोळातून निघायचो आणि बोळाच्या तोंडाला दुसराच कुणी दावा घेऊन उभा.

कोपऱ्यावरची पोरं मला चिडवायची. "काय पावणं, गियर कुठला टाकला?" मी मान खाली घालून चालायचो. ड्रायव्हरने बॅग उचलून चालायचं यात मला कमीपणा वाटत नव्हता. भीती एवढीच होती, की उद्या साहेबांच्या लक्षात येईल, बॅग तर आपणही उचलू शकतो.

मग जे होणार होतं ते झालं. एक दिवस साहेब पोचेपर्यंत त्यांच्या दाव्याचा पुकारा होऊन गेला होता. न्यायाधीशांनी तारीख पुढे ढकलली होती, आणि पक्षकार, राधानगरीकडचा एक म्हातारा, पहाटेची गाडी धरून आलेला, व्हरांड्यात पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. साहेबांना बघून तो उठला आणि म्हणाला, "असू दे साहेब. पुन्हा येतो." संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बूट काढता काढता सांगितलं, "उद्यापासून गाडी काढ."

मला त्या क्षणी आनंद झाला, हे खरं. पण म्हाताऱ्याचं ते "असू दे" माझ्याही कानात होतं. आणि चालण्याने साहेबांना पडलेला फरकही मी बघत होतो. गेल्या महिन्यापासून जिना चढताना त्यांना धाप लागत नव्हती. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघून पाठ थोपटली होती. वहिनीसाहेब म्हणाल्या, "गाडी काढायची न्हाय. लवकर निघायचं."

"कितीबी लवकर निघालो तरी ह्यो गाव सोडतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली नाही. कारण रमजान लागला होता.

म्हणजे गाडीचा आणि रमजानचा काही संबंध नव्हता. पण साहेब घरातून बाहेर पडताना माझ्याकडे बघून थांबले. "रोजा हाय न्हवं?" मी हो म्हणालो. "मग चल, बघू." अण्णांच्या हॉटेलसमोर नेहमीप्रमाणे हाक आली. साहेबांनी चालता चालताच हात वर केला. "न्हाय अण्णा. माझ्या माणसाचा रोजा हाय. त्याला पाणी न्हाय आणि मी त्याच्यासमोर च्या पिऊ?"

अण्णांचा हात कपबशीवरच राहिला. "छ्या छ्या, तसं कसं! जावा साहेब, जावा."

पानपट्टीवाला नुसता नमस्कार करून बाजूला झाला. शिंप्याने सुई खोचलीच नाही. चहा नाही म्हटल्यावर बसायला कारण नाही, बसणं नाही म्हटल्यावर दावा किती वेळ उभ्याने सांगणार? कोर्टात पोचलो तेव्हा शिपाई दारं उघडत होता.

तो सगळा महिना आम्ही वेळेवर पोचलो. साहेब दुपारी डबासुद्धा वकिलांच्या बार रूममध्ये जाऊन खायचे. मी व्हरांड्यात बसलेलो असायचो म्हणून. मी म्हणायचो, "साहेब, मला काय त्याचं?" ते म्हणायचे, "तुला न्हाय, मला घास उतरत न्हाय." संध्याकाळी वहिनीसाहेब माझ्यासाठी खजूर आणि शिरा झाकून ठेवायच्या आणि मशिदीच्या बांगेकडे माझ्यापेक्षा जास्त लक्ष त्यांचं असायचं. "झाली रं! ऐकू आली न्हाय व्हय? खा आधी!"

ईदला मी आजऱ्याला गेलो. शिरखुर्मा खाताना अम्माने विचारलं, नोकरी बरी चालली आहे ना? मी म्हणालो, बरी. पण गाडी गुरुवारीच निघते हे काही तिला सांगितलं नाही.

परत आलो त्या सकाळी अण्णा रस्त्यातच उभे. "झाली ईद? या आता दोघं बी. महिन्याचा च्या साठलाय."

साहेब क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि न हसता म्हणाले, "त्याचा रोजा हाय, अण्णा."

"आता? ईद झाली की वकीलसाहेब!"

"राहिलेलं धरतोय."

आजारपणात चुकलेले रोजे नंतर धरतात हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. कोर्टात माणूस कुठल्या मुद्द्यावर कधी उभा राहील, सांगता येत नाही. ही युक्ती पुढे दिवाळीपर्यंत चालली. अखेर अण्णा वैतागले. "पावण्या, एवढं रोजं तर मौलवी बी धरत न्हाईत. तू तर चांगलाच जाड झालास!" पण तोवर लोकांना साहेबांची वेळ कळली होती. वस्ताद साहेबांच्या बरोबरीने चालत बोलायला लागले. शिंपी संध्याकाळी घरी यायला लागला. आम्ही अण्णांकडे शनिवारी चहा घ्यायचा असा तह झाला.

म्हणजे सगळं नीट बसलं होतं. गाडी नसतानाही घर चालत होतं, पूर्वीपेक्षा बरं चालत होतं. आणि नेमकी तीच माझी धास्ती होती. गाडीवर वहिनीसाहेबांनी जुनी वाकळ टाकली होती, धूळ बसू नये म्हणून. तिच्यावर एवढी रंगीत ठिगळं, की अंगणात बघितलं की दर्ग्यावर चादर चढवल्यासारखं दिसायचं. मधल्या दिवसांत बॅटरी उतरू नये म्हणून मी इंजिन चालू करायचो आणि गाडी अंगणातच मागं-पुढं करायचो. गुरुवार सोडला तर तेवढीच माझी ड्रायव्हरकी.

एका संध्याकाळी साहेब वहिनीसाहेबांना म्हणाले, "विकून टाकू या." मी तुळशीजवळ पाणी घालत होतो. त्यांनी आवाज कमी केला नाही, म्हणजे मला ऐकू जावं असंच असणार. मी पाणी घालत राहिलो, वृंदावनातून बाहेर वाहायला लागलं तरी.

पहिलं गिऱ्हाईक इचलकरंजीचे एक डॉक्टर. मी रात्रीच वाकळ काढून गाडी धुतली, नळाखाली चिंध्या पिळून पिळून चकाकवली. ती चांगली दिसू नये असं एकदाही मनात आलं नाही असं नाही, पण हात दुसरं काही करायला तयार नव्हते. डॉक्टरांना गाडी आवडली. साहेबांनी विचारलं, "चालवणार कोण?" डॉक्टर म्हणाले, "मीच. मला दुसऱ्याच्या हातात गाडी दिलेली सहन होत नाही." साहेब म्हणाले, विचार करून कळवतो. कळवलं नाही. मी मनात म्हणालो, अल्लाची मेहरबानी.

महिन्याभराने एक बांधकाम कंत्राटदार आले. किमतीला एका शब्दाने हरकत घेतली नाही. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. धाकटा भाऊ चालवणार होता. साहेबांनी त्यांनाही चहा पाजून परत लावलं.

त्या रात्री मी झोपलो नाही. माझा हिशोब वेगळा होता. मला वाटलं, साहेबांना गाडी विकायची आहे, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा जीव होत नाही. पगार फुकट जातो आहे. मी असा किती दिवस यांच्या गळ्यात पडून राहायचं? सकाळी कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. साहेब आत पाटावर न्याहारी करत होते.

"वहिनीसाहेब, मी आजऱ्याला जातो."

"का? अब्बा बरं न्हाईत?"

"बरं हाईत. मी... कायमचाच जातो. माझं इथं काय काम न्हाय. काजूच्या कारखान्यात मिळंल काम."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरलो.

"कारखान्यात जाऊन बोटं सोलून घेणार? अरं शहाण्या, ही गाडी कवाच गेली असती! डॉक्टर पैसं घेऊनच आलावता. ह्यांनी परत लावलं, का? तर त्याला डायवर नको म्हणून. त्या कंत्राटदाराला बी तसंच. माझ्या माहेरचं सगळं मला हसायला लागलंय, गाडी विकताय का पोरगी देताय म्हणून. आणि तू गाठोडं बांधून आलाईस!"

साहेबांनी भाकरीचा तुकडा दह्यात बुडवला.

"साहेब, मला सांगितलं असतं तर..."

"तर तू रातोरात पळाला असतास," ते म्हणाले. "वझं झालो म्हणून. मला ठाऊक हाय तुझं. आता न सांगता बी निघालासच की."

ते खरं होतं. मी गाठोडं दारात ठेवलं. "तिथं न्हाय, खोलीत ठेव," वहिनीसाहेब म्हणाल्या. "आणि ये, भाकरी गार व्हायलीया."

तिसरं गिऱ्हाईक वहिनीसाहेबांच्या नात्यातले एक निवृत्त इंजिनिअर, बडोद्याला स्थायिक झालेले. पुतण्याच्या लग्नाला आले होते. डोळे अधू झाले होते, गाडी हवी होती, पण चालवायला माणूस मिळत नव्हता. साहेबांनी त्यांना अंगणात आणलं आणि गाडीबद्दल सांगायच्या आधी माझ्याबद्दल सांगायला लागले. घरी कोण आहे, रोजे कसे धरतो, गुरुवारशिवाय गाडी न काढताही ती कशी सांभाळली.

म्हातारे म्हणाले, "अहो, मी गाडी बघायला आलोय."

"गाडी जरा ऑइल खाते," साहेब म्हणाले. "तिचं आणखी काय सांगायचं?"

व्यवहार झाला. पेट्रोल वाचवायला विकलेली ती गाडी आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास करणार होती, यावर साहेबच सगळ्यात जास्त हसले. म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "येशील ना?"

बडोदं कुठं आहे हे मला नीट माहीत नव्हतं. मुंबईच्या पलीकडे, एवढंच. आजऱ्याहून कोल्हापूर मला परदेश वाटला होता. बडोद्याची भाषा वेगळी, माणसं वेगळी, आणि म्हाताऱ्यांना उद्या गाडी नकोशी झाली तर? मी वहिनीसाहेबांकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "काम हाय तर जायचं. न्हाय जमलं तर हितं ये. गाडी असू दे न्हायतर नसू दे. तुला जेवायला घालायला आम्हाला गाडी लागत न्हाय."

मी मान हलवली. ती इतकी हळू, की त्यांना वाटलं मी अजून विचारच करतोय, आणि त्यावरूनही त्या ओरडल्या.

बडोद्यात येऊन आता आयुष्य गेलं. म्हाताऱ्यांच्या मागं मी तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या. बहिणींची लग्नं इथल्याच पगारावर झाली. प्रत्येक नोकरी संपताना तीच काळजी, तो स्वभाव काही गेला नाही. पण आपण वझं झालो म्हणून गाठोडं पुन्हा कधी बांधलं नाही.